बाईंचा दुसरा तारा

बाई माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघायच्या नाहीत. माझ्या डाव्या कानाच्या जरा पलीकडे बघायच्या. त्यांच्या स्वयंपाकघरात त्या जागी कॅलेंडर होतं, म्हणून पहिले काही दिवस मला वाटलं, त्या तारीख बघतायत. मग एकदा आम्ही जिन्यात भेटलो. तिथे कॅलेंडर नव्हतं, तरी त्या तशाच बघत होत्या.

मला ते बरं वाटायचं. कुणी तोंडाकडे बघून बोललं की माझे शब्द आतच राहतात. चौथीत गुरुजींनी उभं केलं की पाठ असलेले पाढेसुद्धा जायचे. पुढची शाळा लांब होती, ती सुटली, पण ही सवय सुटली नाही. मुंबईत ज्या घरी कामाला गेले, तिथे 'ती मुकी' म्हणूनच मला ओळखायचे. बाईंच्या घरी मात्र मी बोलायला लागले. भिंतीला सांगितल्यासारखं सांगायचं, आणि उत्तर मिळायचं.

घर मुलुंड पूर्वेला, खाडीच्या बाजूला होतं. चार मजल्यांची जुनी बिल्डिंग. आता ती पाडली. बाई नाशिकला भाचीकडे असतात. पण मी सांगतेय ते त्याच्या आधीचं.

बाई चौथ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. लग्न केलं नव्हतं. "करायला वेळ कुठे होता? मी दुसऱ्यांची बोलणी जोडत होते," असं म्हणायच्या. त्या टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडायच्या. तिथे बायका ओळीने उंच स्टुलांवर बसायच्या, कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड. इकडची दोरी त्या भोकात खुपसली की मुंबईचा माणूस नागपूरच्या माणसाशी बोलायचा. पुढे सगळं आपोआप जोडलं जायला लागलं, आणि बाईंना दुसऱ्या टेबलावर बसवलं. ते काम त्यांना कधी आवडलं नाही. त्याबद्दल त्या फक्त एवढंच सांगायच्या, की तिथला पंखा चांगला होता.

रिटायर झाल्यावर भाच्याने परदेशातून त्यांना दुर्बीण पाठवली. पांढरी, आखूड आणि जाडी, दूधवाल्याच्या कॅनएवढी. तीन पायांच्या स्टँडवर बसायची. तिच्या आत कॉम्प्युटर होता. बाहेर एक बटणांचा ठोकळा, त्याला गोल गोल पिळाची वायर, जुन्या फोनच्या रिसिव्हरला असायची तशी. मला वाटतं, त्या वायरीनेच सगळं केलं. बाईंनी तो ठोकळा हातात घेतला आणि त्या परत ड्यूटीवर गेल्या.

त्याला त्या रिसिव्हरच म्हणायच्या. तारा सापडला की "लागला!" ढग आला की "एंगेज आहे, थांबू." खाडीवरून धुकट हवा आली आणि तारा थरथरायला लागला, की "लाईनीत खरखर." एक लांब रजिस्टर होतं. त्यात वेळ, नंबर, लाईन कशी होती, असे रकाने आखलेले. नंबर म्हणजे ताऱ्याचं नाव. ते रजिस्टर पुढे मी लिहायला लागले, कारण बाईंचा चष्मा नेहमी खालीच राहायचा. शाळा सुटल्यावर माझ्या हातात पेन आलं ते तिथे.

गच्चीवर जायच्या दिवशी बाई दुपारी झोपायच्या. उठल्यावर इस्त्रीची सुती साडी, घड्याळ, केसांना तेल. मी पाचला चपात्या करायला जायचे. घरातले सगळे दिवे त्यांनी लाल जिलेटिन पेपरने मढवले होते. पांढरा उजेड डोळ्यात गेला की अंधारातलं दिसायला वीस मिनिटं लागतात म्हणे. फ्रिजच्या आतल्या दिव्यालासुद्धा लाल कागद. त्या लाल उजेडात चपाती करपली की नाही ते कळायचं नाही, वासावरून ओळखावं लागायचं.

"बाई, मला तरी पांढरा दिवा लावू द्या."

"नाही. तूही वर येणार आहेस."

"मी फक्त स्टूल घेऊन येते."

"मग स्टूल नीट दिसायला नको?"

एकट्या बाईच्या खिडकीत लाल दिवा, म्हणून बिल्डिंगमध्ये काय काय बोलायचे ते मला जिन्यात ऐकू यायचं. बाईंना एकदा घाबरत सांगितलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "या वयात एवढी अब्रू मिळाली, राहू दे गं," म्हणाल्या.

पहिलं वर्षभर मी दुर्बिणीला डोळा लावला नाही. वर फक्त स्टूल, रजिस्टर आणि वाटीभर पाणी न्यायचे. वाटी दुर्बिणीखालच्या थाळीवर ठेवायची, काठोकाठ भरून. पाणी एका बाजूला सांडलं म्हणजे स्टँडचा त्या बाजूचा पाय उचलायचा. स्टँड सपाट बसला की मग दुर्बिणीला सगळं सांगावं लागायचं. कारण ती रोज विसरायची. बंद केली की कोरी. आपण कुठे आहोत, आज तारीख काय, किती वाजले, सगळं नव्याने.

"आधी महिना, मग तारीख!" बाई दर वेळी चिडायच्या. "उलटी माणसं. घरी पाहुण्याला आधी भात वाढून मग पान मांडत असतील."

गावांच्या यादीत मुलुंड नव्हतं. मुंबई होती, तीही जुन्या नावाने. बाईंना ते चालायचं नाही. "ती मुंबई म्हणजे कुलाबा. कुलाब्याचा मुहूर्त मुलुंडच्या लग्नाला चालेल का?" त्यांनी मुलुंडचे अक्षांश-रेखांश कुठूनतरी शोधून पाठ केले होते आणि मलाही पाठ करायला लावले. पाढे विसरणारी मी, पण ते आकडे आजही येतात. आपलं घर जगाच्या पाठीवर नेमकं कुठे आहे याला एक नंबर असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. माझ्या खोलीचाही असेल का, असं मी विचारलं. "तुझ्या खाटेचासुद्धा आहे," बाई म्हणाल्या. त्या रात्री मी खाटेवर पडून बराच वेळ त्याचाच विचार करत होते.

हे सगळं सांगून झालं की दोन तारे दाखवायचे. दुर्बीण फिरवून पहिला तारा बरोबर मधोमध आणायचा, बटण दाबायचं. मग दुसरा, आकाशाच्या दुसऱ्या बाजूचा. दोन बरोबर दाखवले की तिला सगळं आकाश कळतं. नंतर ज्याचं नाव सांगाल तिकडे ती स्वतः घूं घूं करत वळते. बाईंचा एक नियम होता. तारा मधोमध आणताना शेवटचं बटण नेहमी वर आणि उजवीकडेच दाबायचं. आतल्या चाकांचे दात एकाच बाजूला टेकलेले राहतात, म्हणून. खाली किंवा डावीकडे दाबून थांबलं की तारा पुढच्या वेळी जरासा बाजूला सरकतो. "शेवट वर आणि उजवीकडे," असं त्या दर वेळी पुटपुटायच्या.

मला त्या दोन ताऱ्यांचं नवल वाटायचं. "दोनच कसे पुरतात?" मी विचारलं.

"तू या बिल्डिंगमध्ये पहिल्यांदा आलीस तेव्हा तुला काय सांगितलं होतं?"

"इकडे मंदिर आणि तिकडे पाण्याची टाकी. मधे बिल्डिंग."

"मग? किती सांगितलं? दोनच ना? पण मंदिर समजून तू दुसऱ्याच दारात गेली असतीस, तर अजून फिरत असतीस."

एके दिवशी त्यांनी मला स्टुलावर बसवलंच. मला आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग चंद्र. खड्डे खड्डे, भाकरी फुगून बसल्यावर दिसतात तसे. आणि तो हळूहळू बाजूला चालला होता.

"बाई, चंद्र पळतोय."

"चंद्र नाही. आपण पळतोय. मोटर बंद केली मुद्दाम, तुला दाखवायला."

"आपण म्हणजे?"

"आपण म्हणजे तू, मी, बिल्डिंग, मुलुंड, खाडी. सगळं फिरतंय."

"मग तव्यावरची चपाती का पडत नाही?"

मला वाटलं, चुकीचं विचारलं. पण त्यांनी मला रजिस्टर उघडायला लावलं आणि तो प्रश्न लिहून घ्यायला लावला, तारखेसकट. "हा प्रश्न ज्याने पहिल्यांदा विचारला तो मोठा माणूस झाला," म्हणाल्या. उत्तर त्यांनी तीन संध्याकाळी समजावून सांगितलं. मला अर्धं कळलं. पण तेव्हापासून मी डोळा लावायला लागले आणि विचारायलाही लागले.

मीही त्यांना एक गोष्ट दिली. मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांना आमच्या गावाला तिकांडं म्हणतात. बाईंना ते माहीत नव्हतं. त्यांनी मला तो शब्द तीनदा म्हणायला लावला आणि त्यानंतर त्या दुसरं नाव कधी बोलल्या नाहीत.

फिकट गोष्टी बघायची त्यांची एक रीत होती. अंधुक ठिपका असला की म्हणायच्या, "त्याच्याकडे बघू नकोस. शेजारी बघ." आणि खरंच, सरळ बघितलं की तो ठिपका नाहीसा व्हायचा. शेजारी बघितलं की कडेने हळूच उगवायचा. डोळ्याचा मधला भाग उजेडात हुशार आणि कडेचा अंधारात, असं त्या सांगायच्या. लाजाळू तारे आहेत, असं मला वाटायचं.

एक्स्चेंजची एक गोष्ट त्या परत परत सांगायच्या. बोर्डावर बसलेल्या बाईच्या कानात दोन माणसं बोलत असायची. तिला मधेच बोलता यायचं नाही, उठता यायचं नाही. मागे सुपरवायझर आणि बदलीच्या बायका फिरत असायच्या. कुणी थकलेली दिसली, की बदलीची बाई मागून यायची आणि तिच्या डाव्या खांद्यावर हात ठेवायची. बसलेलीने वळून बघायचं नाही. का म्हणून विचारायचं नाही. हेडफोन काढून मागे द्यायचा आणि उठायचं. एक शब्दही नाही, कारण लाईन तुटता कामा नये.

"आणि उठायचं नसलं तर?" मी विचारलं होतं.

"खांद्यावर हात पडला की उठायचंच. तू चुकीच्या भोकात दोरी घालायला लागलीस, हे तुला स्वतःला कसं कळणार? मागच्या बाईला कळतं."

"राग यायचा का?"

"प्रत्येक वेळी," बाई म्हणाल्या.

गच्चीची किल्ली बाईंकडे होती. टाकीचा वॉल्व सोडायचं काम त्यांनी फार पूर्वी अंगावर घेतलं होतं, म्हणून. मग टाकीला आपोआप चालणारा पंप बसला आणि किल्लीचं कारण संपलं. सोसायटीचे सेक्रेटरी पहिल्या मजल्यावर राहायचे. दिवाळीनंतर ते वर आले. मी चपात्या लाटत होते.

"बाई, तक्रारी आहेत," ते दारातूनच म्हणाले.

"कसल्या?"

"रात्रीबेरात्री गच्चीवर चालता. खाली ठकठक ऐकू येतं. आणि लोक म्हणतात, त्या दुर्बिणीतून तुम्ही समोरच्या खिडक्यांत बघता."

"तुमच्या खिडकीत बघण्यासारखं काय आहे? पडदा तर अजून गणपतीतलाच."

सेक्रेटरींनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. म्हणाले, "कमिटीने ठरवलंय, सगळ्या किल्ल्या वॉचमनकडे. तुमचं वयही झालं. वरचा कठडा बुटका आहे. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

मी बाईंना कधी विनवणी करताना बघितलं नव्हतं, त्या दिवशीही त्यांनी केली नाही. त्या म्हणाल्या, "एकदा या वर. सगळे या. शनीची कडी दाखवते. नंतर सांगा, ही किल्ली वॉचमनला द्यायची का."

"आणि नाही दिसलं तर?"

"तर मीच आणून देईन."

सेक्रेटरी गेल्यावर बाईंनी चहा ओतला. अर्धा बशीत, अर्धा ओट्यावर. "कपच वाकडा आहे," म्हणाल्या. मी ओटा पुसला. असा वाकडा कप त्या महिन्यात बरेचदा निघाला होता.

शनिवार ठरला. हवा मोकळी होती. मी वाटी भरून ठेवली, स्टूल मांडलं. साडेसातला माणसं यायला लागली. सेक्रेटरी, त्यांची बायको, दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, आणखी सात-आठ जण. मी टाकीच्या सावलीत उभी राहिले. एवढी माणसं मला एकदम नको वाटतात.

काकूंच्या हातात तेलाची छोटी बाटली होती. "अहो बाई, शनिवारी शनीकडे असं डोळा लावून बघायचं? त्याची दृष्टी वाईट असते."

"तो नाही बघत आपल्याकडे. आपण बघायचं."

"पण बघताना नजरानजर झाली तर?"

"माझी तर साडेसाती चालू आहे," सेक्रेटरी म्हणाले. हसत म्हणाले, पण दोन पावलं मागे सरकले.

बाई स्टुलावर बसल्या. चष्मा खाली राहिलाय असं म्हणून त्यांनी मला रिसिव्हरच्या छोट्या स्क्रीनवरची लाल अक्षरं हळूच वाचायला लावली. इंग्रजी मला येत नव्हतं, पण लागणाऱ्या नावांची पहिली अक्षरं त्यांनीच शिकवली होती. पहिला तारा अभिजित, डोंगराच्या बाजूला, बराच वर. त्याच्या आसपास दुसरं काही नव्हतं. बाईंनी तो बरोबर मधोमध आणला. "लागला!"

दुसरा ब्रह्महृदय. ठाण्याच्या बाजूला, नुकता वर आलेला. बाईंचा हा नेहमीचा दुसरा तारा. आणि त्याच बाजूला दोन महिन्यांपूर्वी एका टॉवरचं काम सुरू झालं होतं. टॉवर अजून आमच्या बिल्डिंगएवढाही नव्हता, पण वर पिवळी क्रेन उभी होती, आणि तिच्या उंच केबिनमध्ये दिवा जळत होता.

दुर्बीण तिकडे वळली. बाई बटणं दाबत होत्या. थोडं डावीकडे, थोडं खाली, मग वर, मग उजवीकडे. मी मागून दुर्बिणीच्या तोंडाच्या रेषेत बघितलं. ब्रह्महृदय लुकलुकत होता. खाली असला की तो फार लुकलुकतो, मधेच तांबूस, मधेच हिरवट. त्याच्या खाली चार बोटांवर क्रेनचा दिवा होता. पिवळा, गप्प, न हलणारा. दुर्बीण त्या दिव्याकडे होती.

"लागला!" बाई मोठ्याने म्हणाल्या.

मला वाटलं, आता त्यांना कळेल. पण त्यांनी बटण दाबलं. मग शनी सांगितला. दुर्बीण घूं घूं करत वळली, दक्षिणेला वर गेली आणि थांबली.

"या, सेक्रेटरी."

सेक्रेटरी वाकले. एक डोळा मिटून, तोंड वाकडं करून बघत राहिले.

"काय दिसतंय?" त्यांच्या बायकोने विचारलं.

"काळं."

"डोळा नीट लावा," बाई म्हणाल्या.

"लावलाय हो. काळं आहे. झकास काळं."

लोक हसले. काकू म्हणाल्या, "नाही दिसत तेच बरं."

बाईंनी दुर्बीण बंद केली, परत चालू केली. महिना, तारीख, वेळ. परत अभिजित. परत ठाण्याची बाजू. मी परत तिच्या तोंडाच्या रेषेत बघत होते. दुर्बीण ताऱ्याजवळ गेली, थबकली, आणि परत चार बोटं खाली उतरली. परत तो दिवा. त्यात केबिनमध्ये बसलेला माणूससुद्धा दिसत असणार, त्याचं डोकं, त्याची पाण्याची बाटली. पण बाईंना फक्त उजेड दिसत होता. एक पिवळा धब्बा. बाईंना दिसत नाही, हे मला तेव्हा कळलं. चष्मा खाली राहिला नव्हता. कप वाकडे नव्हते.

"लागला!" त्या म्हणाल्या, पण आवाज पहिल्यासारखा नव्हता.

परत काळं. एक जण जिन्याकडे निघाला. सेक्रेटरी म्हणाले, "जाऊ द्या बाई. मशीन आहे, बिघडतं. किल्ली मी सकाळी घेतो."

"मशीन बिघडलेलं नाही."

"मग कोण बिघडलंय?" कुणीतरी मागून म्हणालं.

मला सांगायचं होतं. पण काय सांगणार? बाई, तो तारा नाही, क्रेन आहे, असं सगळ्यांसमोर म्हटलं, तर किल्ली गेलीच. जिला तारा आणि दिवा वेगळा दिसत नाही, तिला बुटक्या कठड्याच्या गच्चीवर कोण जाऊ देईल? आणि नाही सांगितलं, तरी गेलीच. नऊ-दहा माणसं होती. सगळी बघत होती.

मग मी टाकीच्या सावलीतून निघाले, बाईंच्या मागे गेले आणि त्यांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला.

साडीच्या कडक इस्त्रीखाली खांद्याचं हाड लागलं. बाई ताठ झाल्या. वळून बघितलं नाही. त्यांनी एक श्वास घेतला, मग दुसरा. मला वाटलं, माझा हात झटकतील. राग यायचा, प्रत्येक वेळी, असं त्यांनीच सांगितलं होतं. तिसऱ्या श्वासाला त्यांनी रिसिव्हर खांद्यावरून मागे धरला. मी घेतला. त्या उठल्या.

"अहो, ही काय करणार?" सेक्रेटरी म्हणाले.

"शिफ्ट बदलली," बाई म्हणाल्या. "तुम्ही उगाच उभे राहू नका. मोबाईलमधली वेळ सांगा. मिनिटांसकट."

सेक्रेटरींनी वेळ सांगितली. मी महिना घातला, मग तारीख, मग वेळ. मुलुंडचे आकडे घातले. बाई माझ्या मागे उभ्या राहून हळू आवाजात सांगत होत्या. अभिजित लागला. मग दुसरा.

"क्रेनच्या वर," मी पुटपुटले.

बाईंना तेव्हा कळलं असणार, आपण दोनदा काय केलं ते. मग तितक्याच हळू म्हणाल्या, "वर जा. लुकलुकतोय का?"

"हो."

"रंग बदलतोय?"

"हो."

"मग तोच. घाई नको. शेवट वर आणि उजवीकडे."

वर आणि उजवीकडे. तारा मधोमध आला. मी बटण दाबलं. "लागला" म्हणायला मला जमलं नाही. ते बाईंनी म्हटलं.

दुर्बीण शनीकडे वळली आणि थांबली. मी डोळा लावला. तो तिथे होता. बाजरीच्या दाण्याएवढा, पिवळसर, आणि त्याच्याभोवती कडी, कुठेही न टेकलेली. मी बाजूला झाले.

सेक्रेटरी आले. साडेसाती विसरले असावेत. बराच वेळ वाकून होते. मग उठून दुर्बिणीच्या पुढे गेले, तिच्या तोंडासमोर हात हलवला, परत येऊन बघितलं.

"काय करताय?" बाईंनी विचारलं.

"आत चित्र चिकटवलंय का बघतोय."

मग रांगच लागली. जिन्यात गेलेला माणूस परत आला. काकूंनी एका हाताने मंगळसूत्र धरलं, दुसऱ्या हातात तेलाची बाटली, आणि डोळा लावला. "अगं बाई, एवढासाच? आणि याला मी इतकी वर्षं तेल वाहतेय?" परत बघितलं. "पण देखणा आहे हो मेला." मग जीभ चावली, कानाला हात लावला आणि तिसऱ्यांदा बघायला रांगेत मागे जाऊन उभ्या राहिल्या.

खाली जाताना सेक्रेटरी दाराशी थांबले. "किल्ली राहू दे तुमच्याकडे," म्हणाले. "पण एकट्या वर येऊ नका. ही बरोबर असली तरच." आणि मग माझ्याकडे बघून, "गुरूही दिसतो का गं यातून?"

मी मान डोलावली.

सगळे गेले. मी रजिस्टर उघडलं, शनी लिहिलं, वेळ लिहिली, लाईन साफ लिहिलं. बाई स्टुलावर बसल्या होत्या. रागावल्या आहेत का, मला कळत नव्हतं.

"कधीपासून दिसत नाही?" मी विचारलं.

"तू यायला लागलीस त्याच्या आधीपासून. डॉक्टर म्हणतात, मधलं गेलं, कडेचं राहील. एकेकटा तारा जमत होता. आता ती क्रेन आली शेजारी." मग म्हणाल्या, "सरक जरा. आता मी बघते."

त्या दुर्बिणीशी वाकल्या. डोळा लावला, पण नजर सरळ नव्हती. मान जराशी वळवलेली, जणू शनीच्या शेजारी कुणी दुसरं उभं आहे आणि त्या त्याच्याकडे बघतायत. बराच वेळ तशाच राहिल्या.

"दिसतोय का?"

"सरळ बघितलं तर नाही. शेजारी बघितलं की येतो." मग हसल्या. "कडीसकट येतो."

त्या डोळा काढून माझ्याकडे वळल्या. नेहमीसारखंच माझ्या डाव्या कानाच्या पलीकडे बघत म्हणाल्या, "हनुवटीला पीठ लागलंय तुझ्या. संध्याकाळी चपात्या केल्यास तेव्हापासून."

मी हनुवटी पुसली. मग माझ्या लक्षात आलं, तिथे अंधार होता, आणि माझ्या कानामागे बघण्यासारखं काहीच नव्हतं. कॅलेंडर नव्हतं, भिंतही नव्हती. इतकी वर्षं त्या मलाच बघत होत्या.

कुणी बघितलं की वाटतं तसं मला तोंडावर पदर ओढून घ्यावंसं वाटलं. मी घेतला नाही. तशीच उभी राहिले.